सायकल हॉलमध्ये, घाम घाटातला!

जून उजाडला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरत राहतो, ‘उद्याची राइड कॅन्सल.’ पहिला आठवडा पावसाचं कौतुक करण्यात जातो. मग खड्डे येतात, चिखल येतो, ताम्हिणीकडं निघालेल्या वीकेंडच्या गाड्यांची रांग येते. पाठोपाठ सबमिशन आणि गणपती. ऑक्टोबरमध्ये सायकलवरची चादर काढावी तर चेन गंजलेली, टायर बसलेले. आणि मे महिन्यात डोणज्यापासून सिंहगड चढलेले पाय कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जाताना भरून येतात. विदर्भातल्या मंडळींचं गणित उलटं. त्यांचा पावसाळा त्यातल्या त्यात बरा, पण नागपूरच्या मे महिन्यात सकाळी आठनंतर सायकल काढणं म्हणजे तव्यावर बसण्यासारखं.

चार महिने कमावलेलं चार महिन्यांत घालवायचं आणि दर वर्षी पहिलीपासून सुरुवात करायची, असं बहुतेकांचं चाललेलं असतं. त्यावर एक उपाय आहे. तो ऐकायला कंटाळवाणा वाटतो, दिसायला थोडा विनोदी दिसतो आणि घरच्यांना अजिबात कळत नाही. तो म्हणजे इनडोअर ट्रेनर. आपलीच सायकल, आपल्याच घरात, एका स्टँडवर अडकवून चालवायची. गेले दोन महिने आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा ट्रेनर माझ्याकडं आहे. पहिल्या दिवशी आई दहा मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘एवढं पॅडल मारतेयस तर त्याला मिक्सर तरी जोड.’

यंत्र साधंच

ट्रेनर म्हणजे जिमची सायकल नव्हे. जिममधली स्पिन बाइक हे वेगळंच यंत्र असतं. तिचं सीट, तिचं हँडल, सगळं तिचं. ट्रेनरवर चढते ती तुमची रोजची सायकल. सगळ्यात साध्या प्रकारात एक लोखंडी ए-आकाराचा स्टँड असतो, त्यात मागचं चाक एक्सलपाशी घट्ट पकडलं जातं आणि टायर एका छोट्या रोलरवर टेकतो. तुम्ही पॅडल मारता, चाक रोलरला फिरवतं आणि रोलरला जोडलेलं काहीतरी तुम्हाला विरोध करतं. हे ‘काहीतरी’ म्हणजे चुंबक असेल तर तो मॅग्नेटिक ट्रेनर, आणि बंद डबीतलं तेल असेल तर फ्लुइड. मॅग्नेटिकमध्ये विरोध कमी-जास्त करायला बहुधा हँडलला लावायचा एक खटका येतो. फ्लुइडला खटका लागत नाही. जितक्या जोरात चालवाल तितकं जड लागत जातं, अगदी रस्त्यावर वारा अंगावर येतो तसं.

दुसरा प्रकार डायरेक्ट ड्राइव्हचा. त्यात मागचं चाक काढूनच ठेवायचं आणि सायकलची चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर चढवायची. आवाज कमी, टायरची झीज नाही आणि आकडे जास्त खरे. यातले बहुतेक ‘स्मार्ट’ असतात, म्हणजे ब्लूटूथवर मोबाइलशी बोलतात. स्क्रीनवर चढ आला की पॅडल आपोआप जड होतं. ऐकायला भारी, पण किंमत ऐकली की सायकलच विकावी लागेल असं वाटतं. तिसरा प्रकार रोलर्सचा. जमिनीवर तीन सिलिंडर, त्यावर सायकल मोकळीच ठेवायची आणि तोल सांभाळत चालवायची. फार सुंदर दिसतं, पण पहिल्या दिवशी दाराची चौकट धरूनच चढावं लागतं. सुरुवात करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

खरंच उपयोग होतो का, असा प्रश्न मलाही होता. २०१६च्या फेब्रुवारीअखेर ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन बेल्जियममधल्या एका रेसमध्ये पडला आणि त्याच्या हाताचं हाड मोडलं. पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांची, अडीचशे किलोमीटरहून लांब रेस सहा आठवड्यांवर आली होती. रस्त्यावर जाता येत नव्हतं म्हणून त्यानं गॅरेजमध्ये ट्रेनरवर सराव केला. एप्रिलमध्ये तो रेसला उभा राहिला आणि शेवटच्या स्प्रिंटमध्ये टॉम बोनेनला मागं टाकून जिंकला. तेव्हा त्याचं वय होतं ३७. आपल्याकडचं उदाहरण लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांचं. २०२०च्या जूनमध्ये करोनामुळं ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा घरबसल्या ट्रेनरवर घेतली गेली. पन्नूंनी बारा दिवसांत सुमारे चार हजार किलोमीटर एका खोलीत चालवून ती पूर्ण केली. आपल्याला अर्धा तास बसायचंय.

दोघांची गोष्ट

पण हेमन आणि पन्नू ही मोठी माणसं. मला जास्त पटली ती ओळखीतली दोन उदाहरणं.

एक आमच्या बॅचचा मित्र. मागच्या जुलैत बावधनकडून येताना झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर त्याचं पुढचं चाक सटकलं. ओला रंग काचेसारखा गुळगुळीत होतो, हे प्रत्येक सायकलवाल्याला माहीत असतं आणि प्रत्येक जण एकदा तरी त्यावर घसरतोच. मनगटाला प्लास्टर. हाडाच्या डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, की हातावर भार येणार नसेल तर पाय चालवायला हरकत नाही. मग हा पठ्ठ्या ताठ बसून, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, रोज पंचवीस मिनिटं हळूहळू पॅडल मारायचा. ‘प्लास्टर निघालं तेव्हा हात काडीसारखा झाला होता, पण पाय जिथल्या तिथं होते,’ असं तो सांगतो.

दुसरी मैत्रीण हॉस्टेलवर राहते. तिला शेवटच्या वर्षात २०० किलोमीटरची बीआरएम करायची होती. बीआरएम ही रेस नसते. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचं असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. तिच्या हॉस्टेलचं गेट सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेसातला बंद होतं. मधल्या वेळात लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स आणि भर ट्रॅफिक. मुलं पहाटे पाचला कात्रजचा बोगदा गाठतात तेव्हा ही गेटच्या आत. ‘सरावाचे सगळे प्लॅन पहाटे उठणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात, आणि पहाटे उठायला मी तयार होते, गेट तयार नव्हतं,’ असं ती म्हणाली. पास आउट झाल्यावर ती गावी परतणार होती, सांगली जिल्ह्यात. तिथं पहाटे चारला एकटीला सायकल घेऊन कोण बाहेर सोडणार? म्हणजे जे काही करायचं ते याच वर्षी.

तिघी मैत्रिणींनी पैसे काढून एक सेकंड हँड मॅग्नेटिक ट्रेनर घेतला आणि गच्चीच्या जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये लावला. रेक्टर मॅडमनी आधी लेखी अर्ज मागितला, मग आवाजाची तक्रार आली, मग वेळ ठरली: संध्याकाळी सहा ते साडेसात. तिघींच्या पाळ्या. आठवड्यात तीन दिवस चाळीस-पन्नास मिनिटं ट्रेनर आणि रविवारी गेट उघडल्यावर बाहेर साठ-सत्तर किलोमीटर. डिसेंबरमध्ये तिनं बीआरएम पूर्ण केली तेव्हा हातात ३५ मिनिटं शिल्लक होती. ट्रेनर आता ज्युनिअर मुलींकडं आहे. अर्जासकट.

घेताना

पहिली गोष्ट, लगेच विकत घेऊ नका. लॉकडाउनमध्ये हौसेनं घेतलेले कितीतरी ट्रेनर आज कपडे वाळत घालण्याच्या कामी आलेत. सोसायटीत, सायकलच्या ग्रुपवर, दुकानदाराकडं विचारून बघा. महिनाभर उसना मिळाला तर आपल्याला हे झेपतंय का ते कळतं. घ्यायचाच असेल तर साधा मॅग्नेटिक काही हजारांत येतो, आणि हॉस्टेलच्या मैत्रिणींसारखं शेअरिंगमध्ये घेतला तर महिनाभराच्या कॅन्टीन बिलात बसू शकतो.

सेकंड हँड बघताना स्वतःची सायकल बरोबर न्या. चाक लावून पाच मिनिटं चालवा. खरखर किंवा किरकिर आवाज आला तर बेअरिंग गेलंय असं समजा. फ्लुइड ट्रेनर असेल तर डबीखाली तेलाचा ओलावा आहे का ते बोट फिरवून बघा. आणि ट्रेनरबरोबर आलेला स्टीलचा स्क्यूअर, म्हणजे मागच्या चाकातून जाणारी क्विक रिलीजची दांडी, मागून घ्या. सायकलच्या स्वतःच्या स्क्यूअरची टोकं बऱ्याचदा स्टँडच्या कपात नीट बसत नाहीत. तुमच्या सायकलला क्विक रिलीजऐवजी नट असतील, किंवा नव्या डिस्क ब्रेकवाल्या सायकलींसारखा थ्रू एक्सल असेल, तर वेगळा ॲडॅप्टर लागतो. चाकाचा साइजही विचारून घ्या. फॅट बाइकवाल्यांनी हा परिच्छेद वाचून आशा सोडावी.

एमटीबी असेल तर अजून एक. खडबडीत गट्टूवाले टायर रोलरवर असा काही आवाज करतात की खालच्या मजल्यावरच्यांना पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं. मागं एक स्वस्तातला गुळगुळीत टायर टाका. तो ट्रेनरसाठीच ठेवा, कारण रोलरवर टायर मधोमध सपाट झिजतो.

बसवताना

जागा अशी निवडा की समोर खिडकी असेल. खाली योगा मॅट किंवा जुनी सतरंजी टाका. घाम फरशीवर पडत नाही आणि कंपनंही थोडी शोषली जातात. मागच्या टायरमध्ये हवा पूर्ण भरा, दर वेळी तेवढीच. रोलर टायरला टेकवल्यावर स्क्रू इतका आवळा की हातानं चाक झटक्यात ओढलं तरी ते रोलरवर घसरणार नाही. त्याहून जास्त आवळू नका. मागचं चाक स्टँडवर उचललं गेल्यामुळं पुढचं खाली जातं. त्याखाली ठोकळा मिळतो, नाहीतर दोन जाड रेफरन्स बुक्स. इंजिनीअरिंगवाल्यांकडं ती असतातच.

चढण्याआधी सायकल दोन्ही बाजूंना जोरात हलवून बघा. ती स्टँडमधून सुटली तर तुम्ही टीव्हीवर पडाल. हे शब्दशः लिहितेय.

सीटची उंची बाहेर चालून गेली असेल, पण इथं चालणार नाही. रस्त्यावर आपण नकळत उठतो, सरकतो, उतारावर पाय सोडतो. ट्रेनरवर सायकल हलत नाही, त्यामुळं सगळा भार एकाच जागी, एकाच कोनात पडत राहतो. साधी पद्धत अशी: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय तेव्हा सरळ व्हायला हवा. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा वर. सीट एका वेळी अर्धा सेंटिमीटरच हलवा.

आणि एक विषय, जो कुणी बोलत नाही. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. शिवण घासते, त्यातून पुरळ उठतं आणि आठवडाभर बसता येत नाही. राइड संपली की त्याच कपड्यात मोबाइल बघत बसू नका, लगेच आंघोळ. दर आठ-दहा मिनिटांनी पंधरा सेकंद पॅडलवर उभं राहा. मुलींसाठी खास: सीटवर बधिरपणा येत असेल तर ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सीटचं नाक किंचित खाली करून बघा, नाहीतर सीट बदला.

पंखा नाही, तर राइड नाही

हा भाग सगळे हलक्यात घेतात आणि इथंच सगळे फसतात. आपलं शरीर सायकल चालवताना जी ऊर्जा खर्च करतं, तिचा साधारण पाचवा ते चौथा भागच पॅडलपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता. म्हणजे तुम्ही पॅडलवर १२० वॉट देत असाल तर अंगातून साधारण ३६० ते ४८० वॉट उष्णता बाहेर पडत असते. पाच-सहा सीलिंग फॅन मिळून जेवढी वीज खातात तेवढी. रस्त्यावर समोरून येणारा वारा घाम उडवतो आणि अंग गार ठेवतो. खोलीत वारा नाही. त्यात मुंबईची जुलैमधली दमट हवा, घाम उडतच नाही, नुसता ओघळतो. अंग तापतं, तेच काम करायला हृदय जास्त जोरात धडधडतं आणि वीस मिनिटांत आपल्याला वाटतं, ‘माझा स्टॅमिनाच संपला.’ स्टॅमिना असतो तिथंच. पंखा नसतो.

सीलिंग फॅन पुरत नाही. टेबल फॅन किंवा पेडेस्टल फॅन समोरून, छातीच्या उंचीवर लावा. खिडक्या उघड्या. हँडलवर टॉवेल टाकाच, कारण घाम खारट असतो आणि हेडसेटचे बोल्ट गंजवतो. पाणी हाताशी ठेवा. अर्ध्या तासाच्या आतल्या राइडला साधं पाणी पुरतं. त्याहून जास्त चालवणार असाल तर लिंबू, मीठ आणि साखर घातलेलं घरचं सरबत उत्तम. महागड्या डब्यांची सध्या तरी गरज नाही. खाणं आधी तास-दीड तास, एखादं केळं किंवा चिक्की. मिसळ खाऊन ट्रेनरवर बसू नका. का, ते विचारू नका.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात तीन दिवस, वीस ते पंचवीस मिनिटं. बस. पाच मिनिटं अगदी हलकं, मग बारा-पंधरा मिनिटं अशा जोरात की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, मग पुन्हा हलकं. पाय मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरले पाहिजेत. मोजायला सेन्सर नसेल तर पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली आला ते मोजा. वीस ते बावीस आला की झालं. नवे लोक बहुतेक जड गिअर टाकून हळू फिरवतात, गुडघ्यांची त्यातच वाट लागते.

दुसऱ्या आठवड्यात तेवढ्याच वेळात मधे पाच वेळा एक-एक मिनिट जोर लावा, प्रत्येकानंतर दोन मिनिटं आराम. तिसऱ्यात राइड पस्तीस-चाळीस मिनिटांची करा आणि तीन वेळा पाच-पाच मिनिटं अशी चालवा की तुटक वाक्यंच बोलता येतील. याच आठवड्यात पहिल्यांदा ‘बाहेर पडलोय’ अशी भावना येते. निदान मला आली. आतापर्यंत भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते, त्या दिवशी पाच मिनिटं संपल्याचं अलार्मनं सांगितलं. चौथा आठवडा पुन्हा हलका ठेवा. दोन ट्रेनर दिवसांच्या मधे एक दिवस मोकळा हवाच.

जोर किती लागतोय हे कसं ओळखायचं? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी यासाठी एक मोजपट्टी बनवली, जी आकड्यांनी सहापासून सुरू होते आणि वीसवर संपते. विचित्र वाटतं, पण त्यात डोकं आहे. तुम्ही सांगितलेल्या आकड्याला दहानं गुणलं की तरुण, निरोगी माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांच्या आसपास उत्तर येतं. ‘मला तेरा वाटतंय’ म्हणजे साधारण १३० ठोके. घड्याळ नसलं तरी चालतं.

रील्समध्ये ‘चार मिनिटांत फिट’ म्हणून ताबाता दाखवतात. इझुमी ताबाता यांचा १९९६चा मूळ अभ्यास एका जागी उभ्या असलेल्या सायकलवरच झाला होता: २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबायचं, असे सात-आठ राउंड. पण ती मुलं शारीरिक शिक्षण शिकणारी, बहुतेक विद्यापीठाच्या संघांतून खेळणारी होती आणि तो जोर रीलमधल्यासारखा हसत हसत लावण्याचा नव्हता. पहिल्या महिन्यात त्याच्या नादी लागू नका.

छातीत दुखलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर तिथंच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल किंवा स्वतःला दमा असेल तर आधीच विचारून घ्या. ताप असताना ट्रेनर बंद. ‘घाम काढला की ताप उतरतो’ हे लॉजिक आजीच्या काढ्यापुरतं ठीक आहे.

वॉट, एफटीपी आणि इतर मंत्र

ट्रेनरवाल्यांच्या गप्पांत तिसऱ्या वाक्याला ‘एफटीपी’ येतो. म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी तुमची जास्तीत जास्त ताकद, वॉटमध्ये मोजलेली. तासभर जीव काढायची कुणाचीच तयारी नसते, म्हणून वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवून सरासरीच्या ९५ टक्के धरतात. किंवा रॅम्प टेस्ट करतात: दर मिनिटाला थोडं जड, थोडं जड, पाय थांबेपर्यंत, आणि शेवटच्या पूर्ण मिनिटाच्या ७५ टक्के. या आकड्यावरून पुढचे सगळे वर्कआउट ठरतात. पहिल्या महिन्यात याची गरज नाही. दुसऱ्याच्या सुरुवातीला करा आणि आकडा ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. ७० किलोच्या मुलाचे १८० वॉट आणि ५० किलोच्या मुलीचे १५० वॉट यांत चढावर मुलगी पुढं जाते, वजनानं भागून बघा.

स्मार्ट ट्रेनर वापरायला मिळालाच तर ‘अर्ग मोड’ नावाची चीज भेटेल. तुम्ही हळू चालवा की जोरात, ट्रेनर ठरलेले वॉट वसूल करतो. छान, पण दमून पाय मंदावले की तो अजून जड होतो, मग पाय अजून मंदावतात आणि शेवटी चिखलात रुतल्यासारखं होतं. तसं वाटायला लागलं तर मोड बंद करा, पाय मोकळे फिरवा, मग पुन्हा लावा.

कंटाळ्याचं काय?

कंटाळा येतो. येणारच. त्यावरच तर अख्खा धंदा उभा आहे. २०१४मध्ये आलेल्या झ्विफ्टनं ‘वटोपिया’ नावाचं एक काल्पनिक बेट बनवलं. तिथं ज्वालामुखी आहे, जंगल आहे आणि जगभरातले लोक आपापल्या बेडरूममधून एकमेकांना ओव्हरटेक करत असतात. हे एवढं वाढलं की २०२०मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं त्याची वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली. पुरुषांमध्ये जिंकला जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न, जो तेव्हा मुळात रोइंगचा खेळाडू होता. पुढच्याच वर्षी त्यानं टोकियो ऑलिम्पिकमध्ये रोइंगचं रौप्य मिळवलं आणि नंतर खऱ्या रस्त्यावरच्या सायकल टीमचं कॉन्ट्रॅक्टही. महिलांमध्ये दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासिओ जिंकली.

झ्विफ्टला दरमहा फी आहे, आणि विद्यार्थ्यांना ती टोचते. मायवूश हे तसंच ॲप फुकट आहे. साधा ट्रेनर असेल तरी चाकाला स्पीड सेन्सर लावला की काही ॲप वॉटचा अंदाज बांधतात. अंदाजच, पण दर आठवड्याला स्वतःशी तुलना करायला चालतो.

ॲप नको असेल तरी चालतं. माझा अनुभव असा की वेब सिरीज ट्रेनरवर चालत नाही, सबटायटल वाचताना पाय थांबतात. क्रिकेट चालतं. दोन ओव्हर जोर, एक ओव्हर आराम. विकेट पडली की उभं राहून पॅडल. पॉडकास्ट हलक्या दिवसाला. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे व्हिडिओ कॉलवर अजून दोघं. एकमेकांचे लाल चेहरे बघितले की पहिला उतरायची लाज वाटते.

शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. सकाळी सातच्या आधी आणि रात्री नऊनंतर नको. आमच्या खालच्या आजींनी दोन आठवड्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडं शिलाई मशीन घेतलंय का?’ वर नेऊन दाखवलं तर म्हणाल्या, ‘मला पण बसव.’ बसवलं. हलकं, दहा मिनिटं, मी हँडल धरून.

पुन्हा रस्त्यावर येताना

ट्रेनर फुप्फुसं आणि पाय सांभाळतो. ब्रेक कधी दाबायचा, वळणावर कसं झुकायचं, कुत्रं मागं लागल्यावर काय करायचं, हे तो शिकवत नाही. चार महिने सायकल सरळ उभी असल्यावर पहिल्या दिवशी हँडल थोडं परकं वाटतं. म्हणून पावसाळ्यातही उघडीप मिळाली की आठवड्यातून एकदा बाहेर पडा, तासभर का होईना. आणि ऑक्टोबरमधली पहिली राइड घाटाची ठेवू नका. चढ तुम्ही चढाल, प्रश्न उताराचा असतो.

निघायच्या आदल्या रात्री ट्रेनरचा सपाट झिजलेला टायर काढून रस्त्याचा टायर टाका. सायकलचा स्वतःचा स्क्यूअर परत बसवा. ब्रेक पॅड बघा, घामानं गंजलेले बोल्ट पुसून ग्रीस लावा, चेनला तेल द्या, हवा भरा. हेल्मेट शोधायला अर्धा तास राखून ठेवा, चार महिन्यांत घरच्यांनी ते नक्की कुठल्या तरी माळ्यावर टाकलेलं असतं.